जळालेला सर्व्हर आणि उरलेले आवाज

खराडीतल्या एका डेटा सेंटरमध्ये मी बरीच वर्षं नोकरी करतो आहे. काम काय, असं कोणी विचारलं की मी सांगतो, वीज जाऊ न देणं. मग लोक आपल्या सोसायटीतल्या मीटरची तक्रार माझ्याकडे करतात. खरं तर आमचा आणि बाहेरच्या विजेचा संबंध एवढाच, की तिच्यावर आम्ही कधीही विश्वास ठेवत नाही. इमारतीत सर्व्हरच्या रांगाच्या रांगा आहेत. त्यांच्यासाठी दोन वेगवेगळ्या बाजूंनी आलेल्या लाइनी आहेत, त्यांच्यामागे बॅटऱ्यांची खोली, बॅटऱ्यांमागे जनरेटर, आणि तो सुरू झाला नाही तर शेजारी दुसरा. विजेचा दाब जरा इकडेतिकडे झाला तरी माझ्या फोनवर निरोप येतो.

मी मूळचा धायरीचा. आमच्या लहानपणी धायरी हे गाव होतं, विहिरीवर मोटर होती आणि विजेच्या तीन फेजपैकी एक गेली की मोटर जळायची. वडील घरात जेवायला बसले असले तरी त्यांना विहिरीकडचा आवाज कळायचा. ‘मोटर कण्हती हाय,’ म्हणत ते ताटावरून उठायचे आणि पळत जाऊन स्टार्टर बंद करायचे. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला त्यामागे ती मोटर होती असं म्हणायला हरकत नाही.

सदाशिव पेठेतल्या त्या केंद्राशी माझा संबंध आला तो मात्र विजेमुळे नाही. दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकं आवाजात मुद्रित करणारी ती एक छोटी संस्था होती. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, खाली दातांचा दवाखाना. हौसेने वाचून देणारे लोक हवेत असं कोणीतरी ऑफिसात सांगितलं, म्हणून एका शनिवारी मी गेलो. केंद्र चालवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी मला एक पान वाचायला दिलं. मी मन लावून वाचलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“पाणी म्हणा,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं.

“पुन्हा म्हणा.”

मी पुन्हा म्हटलं. माझा ण अजून धायरीतच राहिलेला होता.

“अस्सं. दुसरं काय येतं तुम्हाला?”

“विजेची कामं येतात.”

“मग ती करा. बोर्डातून ठिणग्या येतायत कधीच्या.”

तेव्हापासून दर शनिवारी सकाळी मी तिथे जाऊ लागलो. आधी बोर्ड बदलला, मग मुद्रणाच्या छोट्या खोलीला आतून स्पंज लावला, आणि काही वर्षांनी जुन्या कॅसेटी आणि सीडी संपवून सगळी पुस्तकं एका सर्व्हरवर नेऊन ठेवली. सर्व्हर म्हणजे फार मोठं काही नाही. लाकडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात मावेल एवढी पेटी. आत दोन हार्डडिस्क होत्या. जे एकीवर लिहिलं जाईल तेच दुसरीवरही. बाहेरून एक तिसरी डिस्क जोडली होती, ती बॅकअपची. शेजारी यूपीएस. वीस-पंचवीस माणसांनी सुट्टीच्या दिवशी येऊन, पाणी पिऊन, घसा खाकरून जे काही वर्षानुवर्षं वाचलं होतं, ते सगळं त्या कप्प्यात होतं.

त्या कपाटाजवळच्या टेबलावर काका बसायचे. ते जन्मापासून पाहू न शकणारे. एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून अख्खी नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर इथे आले. वाचकांना काय हवं ते विचारायचं, पुस्तक प्लेअरवर भरून द्यायचं, परत आलेले प्लेअर तपासायचे, हे त्यांचं काम. फोन वाजला आणि पलीकडून नुसतं ‘हॅलो’ आलं तरी ते माणसाला नावाने हाक मारायचे. पुस्तकं केंद्राच्या प्लेअरवरच द्यायची, कोणाला प्रत करून न्यायला द्यायची नाही, असा बाईंचा कडक नियम होता. “आपण लेखकांना शब्द दिलाय,” त्या म्हणायच्या. तो नियम लॉक घालून प्लेअरमध्ये बसवायचं काम मी केलं होतं आणि ते नीट केलं होतं, अशी माझी समजूत होती.

घडलं ते असं. त्या वर्षी यूपीएसच्या बॅटऱ्या संपल्या. संपल्या म्हणजे वीज गेली की अर्ध्या मिनिटात यूपीएस ओरडायला लागायचा आणि सर्व्हर धाडकन बंद पडायचा. नव्या बॅटऱ्यांची मागणी मी लिहून दिली. ती संस्थेच्या समितीपुढे जायची होती आणि समितीतल्या दोघांना एकच दिवस सोयीचा होत नव्हता. दरम्यान यूपीएस आतूनच बिघडल्यासारखा वागू लागला. चालू वीज असतानाही मधूनच सर्व्हर बंद करायचा. बाई वैतागल्या. मुद्रण अर्ध्यात तुटत होतं. एका शनिवारी मी यूपीएसची पिन काढली आणि सर्व्हर थेट भिंतीतल्या सॉकेटवर, साध्या एक्स्टेंशन बोर्डाने जोडून दिला. “आठवडाभराचा प्रश्न आहे,” मी म्हटलं. बाहेरची बॅकअप डिस्क आधी मी दर शनिवारी बॅगेत घालून घरी न्यायचो आणि पुढच्या शनिवारी आणायचो. तेही केव्हातरी सुटलं होतं. ती कायमची सर्व्हरला जोडलेली असायची. खराडीत कोणी असं केलं असतं तर मी त्याला लेखी जाब विचारला असता.

त्या आठवडाभराचे पाच आठवडे झाले.

पाचव्या शनिवारी मी निघायच्या गडबडीत होतो. ऑफिसचा फोन कानाला होता. काकांनी हाताने खूण करून मला थांबवलं.

“एक सांगायचं होतं. आपला पंखा ऐका.”

मी फोनवर हात ठेवून वर पाहिलं. पंखा फिरत होता.

“काय झालं? आवाज करतोय का?”

“आवाज नाही. खाली डॉक्टरांचा कंप्रेसर सुरू झाला की हा जोरात होतो. आता बघा.”

खालून कंप्रेसरची घरघर सुरू झाली. पंख्यात मला काही फरक कळला नाही. फोनवरचा माणूस माझं नाव घेऊन हॅलो हॅलो करत होता.

“मोठी मशीन सुरू झाली की होतं तसं, काका. दाब कमीजास्त होतो.”

“पण मग मंद व्हायला हवा ना?” काका म्हणाले. “हा जोरात होतो. मघाशी ट्यूबही वेगळी गुणगुणली.”

“बघतो पुढच्या शनिवारी,” मी म्हटलं आणि जिना उतरलो.

ज्याला विजेतलं थोडं कळतं त्याला हे वाक्य ऐकून घाम फुटायला हवा. खालच्या मजल्यावर वापर वाढला आणि वरचा पंखा जोरात फिरला, याचा अर्थ एकच असतो. इमारतीत येणाऱ्या तीन फेज, म्हणजे विजेच्या तीन तारा, वेगवेगळ्या मजल्यांना वाटलेल्या असतात, पण न्यूट्रल म्हणजे परतीची तार सगळ्यांची एकच असते. ती कुठेतरी ढिली झाली की मजल्यामजल्यांत रस्सीखेच सुरू होते. एकाने ओढ घेतली की दुसऱ्याकडचा दाब चढतो. आणि ती तार पूर्ण तुटली, तर कोणाच्या तरी घरात जवळजवळ दुप्पट वीज शिरते. हे मी दरवर्षी नव्याने लागलेल्या इंजिनिअरांना फळ्यावर काढून शिकवतो. काकांनी मला तेच सांगितलं होतं, फळा न वापरता.

पुढच्या गुरुवारी दुपारी खराडीत आमची चाचणी होती. अधूनमधून आम्ही बाहेरची वीज मुद्दाम तोडतो आणि आतली सगळी व्यवस्था क्रमाने उभी राहते की नाही ते पाहतो. त्या दिवशी सगळं सुरळीत झालं. बॅटऱ्यांनी भार घेतला, जनरेटर उठले, एकाही सर्व्हरला काही कळलं नाही. वरिष्ठांनी पाठ थोपटली. तेवढ्यात बाईंचा फोन आला.

“अहो, इथे जळका वास येतोय. कपाटातून धूर आला.”

“आधी मेन स्विच बंद करा. दाराच्या मागे वर...”

“तो बंद केलाय काकांनी. मी कपाटाकडे बघत उभी होते, तोवर हे भिंतीला हात लावत गेले आणि खटका पाडून आले. तुम्ही या.”

“कोणाला काही झालं का?”

“माणसांना काही नाही. या तुम्ही.”

नगर रोडवरून स्कूटरने येताना मी मनातल्या मनात यादी करत होतो. पॉवर सप्लाय गेला असेल, तो बदलता येतो. बोर्ड गेला असेल, तोही मिळतो. डिस्कना काही होत नाही सहसा. सहसा, हा शब्द मी पुलापर्यंत किती वेळा म्हटला असेन, ठाऊक नाही.

खोलीच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या तरी वास जात नव्हता. ट्यूब फुटून काचा जमिनीवर पडल्या होत्या आणि बाई त्या कागदात गोळा करत होत्या. काका आपल्या खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून बसले होते. मी कपाट उघडलं. सर्व्हरच्या पेटीची मागची जाळी काळी झाली होती. एक्स्टेंशन बोर्ड वितळून लाकडाला चिकटला होता. शेजारी यूपीएस, पिन काढलेला, अगदी जसाच्या तसा होता. त्या खोलीत सुखरूप राहिलेली एकमेव विजेची वस्तू तीच.

वीज कंपनीचा वायरमन तासाभरात आला. त्याने खाली जिन्याशेजारचा मीटरचा बोर्ड उघडला आणि मला बोलावून दाखवलं. न्यूट्रलची तार जिथे आवळलेली असते तिथलं टोक जळून कोळसा झालं होतं.

“ही एका दिवसात नाय झाली, साहेब,” तो म्हणाला. “महिना-दीड महिना तरी ढिली आसंल. वर कोणाला दिवा कमीजास्त झालेला जाणवला नाय का?”

माझ्या मागे बाई जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी वायरमनला चहा विचारला, तो नको म्हणाला. मग त्या माझ्याकडे वळल्या.

“तुमच्या खराडीत असं झालं असतं का हो?”

“नाही.”

“का?”

“तिथे मी असं काही करू दिलं नसतं.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि वर गेल्या. त्यानंतर या विषयावरून त्या मला कधीही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला पुढे कित्येक दिवस वाटत राहिलं.

तिन्ही डिस्क मी डेटा काढून देणाऱ्या एका माणसाकडे नेल्या. पॉवर सप्लाय जळताना त्याने जी वीज पुढे ढकलली तिने दोन्ही आतल्या डिस्क मारल्या होत्या. बाहेरची डिस्क त्याच एक्स्टेंशनवर होती, तीही गेली होती. आरशासारख्या दोन डिस्क ठेवून मी निश्चिंत होतो. पण दोघी एकाच पेटीत, एकाच तारेवर होत्या आणि एकाच क्षणी गेल्या. तीन आठवड्यांनी त्या माणसाने एका डिस्कवरून काही काढून दिलं. फायली होत्या, पण बहुतेक तुटलेल्या. कुठे आवाज सुरू व्हायचा आणि दोन वाक्यांनंतर नुसती खरखर. वाचून देणाऱ्या लोकांना बाईंनी एकेकाला फोन केले. मी तिथेच बसलो होतो. प्रत्येकाला त्या तेच सांगत होत्या, “आपलं वाचलेलं गेलं. हो, सगळं. क्षमा करा.” क्षमा मी मागायला हवी होती.

त्याच्या पुढच्या शनिवारी एक मुलगी आली. पंचविशीतली, पेठेतच एका ठिकाणी कॉट बेसिसवर राहणारी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी. लहानपणी आजारात तिची दृष्टी गेली होती. केंद्रातली इतिहासाची आणि राज्यघटनेची पुस्तकं तिने इतक्या वेळा नेली होती की काका तिला ‘तुझं पाठ झालं असेल आता’ म्हणून चिडवायचे. ती काठी भिंतीला टेकवून उभी राहिली.

“सर, मॅडम, रागावणार नसाल तर एक सांगू का?”

“रागावणार की नाही ते ऐकल्यावर ठरवू,” बाई म्हणाल्या.

“मॅडम, घटनेचं पुस्तक माझ्याकडे आहे. पूर्ण.”

“प्लेअर परत केला नाहीस?”

“केला. त्यातलं कार्ड काढून कॉपी केलं होतं. म्हणजे आम्ही सगळेच करतो. आमच्या ओळखीतल्या एकाला ते लॉक काढता येतं. एकदम सोपं आहे म्हणतो तो.” मग तिला माझी आठवण झाली असावी. “सॉरी, सर.”

काका खाली मान घालून हसत होते, ते मला दिसलं. बाईंना दिसलं की नाही माहीत नाही.

“आम्ही सगळे म्हणजे कोण?” बाईंनी विचारलं.

“पुण्यातले बरेच. मग ते गावी जातात, तिकडे देतात. सोलापूरला आहेत, लातूरला आहेत. कोणाकडे कादंबऱ्या, कोणाकडे अभ्यासाची. ग्रुप आहे आमचा. तुम्ही हो म्हणालात तर मी टाकते, की जे असेल ते परत द्या.”

बाईंनी रजिस्टर पुढे ओढलं.

“नियमाप्रमाणे मी तुम्हा सगळ्यांची नावं रजिस्टरमधून काढायला हवीत,” त्या म्हणाल्या. “कार्डं घेऊन या शनिवारी.”

कार्डं आली. पाकिटातून, रुमालात बांधून, औषधाच्या रिकाम्या डबीतून आली. काही लोक स्वतः आले, काहींनी गावाहून येणाऱ्या पाहुण्यांबरोबर पाठवली. पण जे आलं ते पुस्तकांच्या रूपात नव्हतं. फायलींची नावं बदललेली होती, कुठे ‘नवीन दोन’, कुठे ‘आईसाठी’, कुठे नुसते आकडे. प्रकरणं सुटी झाली होती, सुरुवाती नव्हत्या. कोणतं पुस्तक, कोणाचं वाचन, कितवा भाग, हे ओळखायचं कसं?

काका म्हणाले, “मला ऐकवा.”

त्यानंतरचे किती शनिवार आम्ही दोघं शेजारी बसलो ते मी मोजलं नाही. मी फाइल लावायची, काकांनी ऐकायची. कधी चार वाक्यं पुरायची, कधी दहा मिनिटं लागायची.

“या बँकेतल्या बाई. यांना इथे सर्दी आहे. प्रवासवर्णन आहे हे, तिसरा भाग असणार, बोटीचं प्रकरण चालू आहे.”

“हे वकील. घाईत वाचतायत. मागे रिक्षाचा हॉर्न ऐकलात? म्हणजे हे स्पंज लावायच्या आधीचं.”

“हे कोण ते ओळखीचं आहे, पण दात नवे आहेत. थांबा. हे आपले पोस्टमास्तर, कवळी बसवल्यानंतरचे.”

मी त्यांचं बोलणं टिपून घ्यायचो. सुरुवातीला मी ते पुस्तकांच्या छापील प्रतींशी ताडून पाहत होतो. मग थांबलो, कारण ते चुकत नव्हते.

अशाच एका शनिवारी, दोन फायलींच्या मध्ये, मी म्हटलं, “काका, तुम्ही मला पंख्याचं सांगितलं होतं.”

“हो.”

“मी ऐकलं नाही.”

“ऐकलंत की. उत्तरही दिलंत. मोठी मशीन सुरू झाली की होतं, म्हणालात.”

“चुकीचं उत्तर होतं ते. मला कळायला हवं होतं. माझं कामच आहे ते.”

काकांनी हेडफोन कानावरून काढून गळ्यात अडकवला. “मला तुमचा राग नाही आला. आला तो स्वतःचा आला. तुम्ही म्हणालात ते बरोबर नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. बँकेत होतो तेव्हा लाइनमधला आवाज जरा बदलला तरी मी इंजिनिअरच्या डोक्यावर बसायचो. इथे म्हटलं, एवढा शिकलेला माणूस, खराडीत एवढं मोठं सांभाळतो, त्याला परत काय सांगायचं? सोमवारी, मंगळवारी, बुधवारी मी तो पंखा ऐकत होतो. फोन समोर होता. नाही केला मी. लावा पुढची.”

मी पुढची फाइल लावली. काय होती ती आठवत नाही.

त्याआधीच मी केंद्राची वीज नीट करून घेतली होती. मीटरपासून नवी तार, व्यवस्थित अर्थिंग, नवा यूपीएस आणि त्याच्या आधी एक छोटं यंत्र, जे दाब ठरावीक मर्यादेबाहेर गेला की सगळा पुरवठाच तोडून टाकतं. अशी साधी वस्तू मी पहिल्याच वर्षी बसवायला हवी होती. बॅकअपच्या आता दोन डिस्क आहेत. एक बाईंच्या घरी असते, एक काकांच्या, आणि दर शनिवारी त्यांची अदलाबदल होते. बाईंनी नियमही बदलला. लेखकांना पत्रं लिहून त्यांनी विचारलं आणि ज्यांनी होकार दिला त्यांची पुस्तकं वाचकांना नेता येऊ लागली. वाचकांकडे असणं हाही एक बॅकअपच, हे बाईंना सांगायची वेळ माझ्यावर आली नाही. त्या पत्रात त्यांनी स्वतःच तसं लिहिलं होतं.

खराडीतही माझं थोडं बदललं. बॅटऱ्यांच्या खोलीत झाडलोट करणाऱ्या एका ताई एकदा म्हणाल्या की कोपऱ्यातली फरशी पायाला कोमट लागते. सगळे आकडे हिरवे होते. तरी मी काम थांबवून गेलो, चप्पल काढून उभा राहिलो, सगळं तपासलं. काही सापडलं नाही. बाहेरून भिंतीवर ऊन येत होतं, तेवढंच. मी ताईंना म्हटलं, पुन्हा तसं वाटलं तर पुन्हा सांगा.

वर्षभराने हिशेब लागला तेव्हा बरंच काही परत आलेलं होतं. अभ्यासाची पुस्तकं जवळजवळ सगळी आली. रहस्यकथा तर दहा-दहा प्रतींत आल्या. पाककृतीही आल्या. लोकांनी जे आवडीने चोरलं होतं ते वाचलं. जे कोणी मागितलं नव्हतं ते गेलं. त्यात एक झाडांचं पुस्तक होतं. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका सरांनी ते वाचलं होतं. दोन वर्षं, दर बुधवारी येऊन. त्यांचं निधन आधीच झालं होतं. बाई म्हणाल्या, त्यांच्या पत्नीला फोनवर सांगायला नको. मी म्हटलं, मी जातो.

पर्वतीच्या पायथ्याशी दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर होतं. गॅलरीत कुंड्यांची गर्दी. मी झालं ते सांगितलं, माझ्याकडून काय राहिलं तेही सांगितलं. त्यांनी मध्ये काही विचारलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाल्या, “कोणी नेलंच नव्हतं का ते?”

“आमच्याकडे प्रत आली नाही.”

“नसेलच नेलं. फार सावकाश वाचायचे. पण पूर्ण झालं होतं ना?”

येण्याआधी मी मुद्रणाचं रजिस्टर पाहिलं होतं. शेवटची दोन प्रकरणं राहिली होती. त्यांच्या नावापुढची शेवटची नोंद त्यांच्या आजारपणाआधीची होती. हो म्हणणं सोपं होतं, आणि ते पडताळायला आता काही उरलंही नव्हतं.

“नाही,” मी म्हटलं. “दोन प्रकरणं राहिली होती.”

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. “मला म्हणाले, संपवून आलो. येताना पेढे आणले होते.”

त्यांनी गॅलरीतल्या कुंड्यांकडे पाहिलं.

“मी खाल्ले ते. त्यांना साखर होती, त्यांनी एकच घेतला.” त्या उठून आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा हातात ते पुस्तक होतं, पाठीला चिकटपट्टी लावलेलं. “हे घेऊन जा. कोणीतरी पुन्हा वाचेल. आणि सांगितलंत ते बरं केलंत.”

केंद्रात आल्यावर बाईंनी ते उघडलं. पानापानावर शिसपेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या, कुठे श्वास घ्यायचा, कुठे थांबायचं त्याच्या. समासात लॅटिन नावांचे उच्चार देवनागरीत लिहिलेले. बाईंनी मागची पानं उलटली. न वाचलेल्या दोन प्रकरणांतही तशाच रेघा होत्या, शेवटच्या ओळीपर्यंत. सरांनी घरी बसून ती तयारी करून ठेवली होती. यायला मात्र जमलं नव्हतं.

मी तिथूनच त्यांना फोन केला आणि रेघांचं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ नुसता स्वयंपाकघराचा आवाज येत राहिला.

“मग त्यांच्या मते झालंच होतं ते,” त्या म्हणाल्या.

बाई सध्या ते पुस्तक स्वतः वाचतायत, बुधवारीच. सरांच्या पत्नी अधूनमधून येऊन बाहेरच्या खोलीत बसतात. त्या ऐकत नाहीत, कारण मुद्रण चालू असताना बाहेर काही ऐकू येत नाही. काकांशी गप्पा मारतात, आणि वाचन संपलं की बाईंबरोबर खाली उतरतात.